खात्यावरचं दुसरं नाव

मंजुषाचं मस्कतचं विमान शुक्रवारी होतं, आणि बुधवारी सकाळीच तिच्या भावाने बँकेचा फॉर्म भरून ठेवला होता.

१९९८ सालचा फेब्रुवारी. देवळाली कॅम्पच्या बाजारात ललितचा एसटीडी बूथ होता. बूथच्या बाहेर स्टुलावर बसून त्याने वळणदार अक्षरात एकेक रकाना पुरा केला होता. पहिला खातेदार, मंजुषा धनराज विधाते. दुसरा खातेदार, ललित फकिरा मंडलिक. खाली जिथे सही हवी तिथे त्याने पेन्सिलीने दोन फुल्या मारल्या होत्या.

"ताई, इथं आणि इथं. मॅनेजर आपल्या ओळखीचा आहे, उद्या दहा वाजता खातं उघडून देतो म्हणाला. चेकबुक माझ्याकडे राहील. तू तिकडून ड्राफ्ट पाठवत राहा, बाकी कशाची काळजी करू नको."

मंजुषाने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावलं.

"आमच्या नर्सिंग होमच्या मेट्रनबाईंनी पंचवटीच्या बँकेतल्या एका मॅडमना भेटून यायला सांगितलंय. परदेशातल्या लोकांची खाती त्याच बघतात. विचारून येते, मग करते सही."

"विचारायचं काय त्यात?" ललित हसला, पण त्याचं हसणं चेहऱ्यावर टिकलं नाही. "बरं, ये विचारून."

ललित वाईट माणूस नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. तीन वर्षांपूर्वी मंजुषाचा नवरा धनराज आग्रा रोडवर स्कूटरवरून येताना ट्रकखाली गेला. दीड वर्षाच्या रोशनीला कडेवर घेऊन ती सासरहून निघाली तेव्हा तिला दारात घेणारा ललितच होता. त्याने एका शब्दाने कधी दुखवलं नाही. मात्र त्याच्या हातात पैसा आला की तो त्याचा होऊन जाई. नर्सिंग होमच्या पगारातून तिने रोशनीच्या शाळेसाठी बाजूला काढलेले पैसे त्याने बूथच्या नव्या मशीनसाठी मागून घेतले होते. अर्धे परत आले. उरलेल्यांचा विषय निघाला की तो म्हणे, "घरातच आहेत ना." आणि त्याचा तो अगदी मनापासूनचा विश्वास होता.

पंचवटीच्या शाखेतल्या कुलथे मॅडम बारीक अंगाच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या होत्या. त्यांनी मंजुषाचा पासपोर्ट आणि नेमणुकीचं पत्र शांतपणे वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा, दोन प्रकारची खाती असतात. एक एनआरई. त्यावरच्या व्याजाला इथे कर नाही, पैसे पुन्हा बाहेर नेता येतात. पण त्यावर इथे राहणाऱ्या माणसाचं नाव जोडता येत नाही. दुसरं एनआरओ. त्याच्या व्याजावर कर कापला जातो, पण इथल्या माणसाचं नाव चालतं. आत्ता साधं जोडखातं उघडा, तिकडे पोचल्यावर मला पत्र टाका, मी ते एनआरओ करून घेते. तुमच्या मागे इथे कोणाला पैसे लागणार आहेत?"

"मुलीला. चार वर्षांची आहे."

"मग दुसरं नाव लागेलच. आणि ते दुसरं माणूस एकट्याच्या सहीने सगळे पैसे काढू शकतं, हे ध्यानात ठेवा. सगळे म्हणजे सगळे. तुम्हाला कळायच्या आधी. बँक काही विचारणार नाही."

मंजुषा टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

"कोणाचं नाव घालताय?" मॅडमनी विचारलं.

"भाऊ म्हणतोय त्याचं घाल."

"मी भाऊ काय म्हणतो ते नाही विचारलं," कुलथे मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "उद्या दोनपर्यंत मी आहे. दोननंतर काउंटर बंद होतो."

कॅम्पच्या बसमध्ये तिने एकेक नाव मनात घेऊन पाहिलं. आई? आई ललितच्या घरात, ललितच्या शब्दावर. आईच्या हातात दिलेलं संध्याकाळी ललितच्या गल्ल्यात असणार. मेट्रनबाई? त्या वर्षभरात निवृत्त होऊन साताऱ्याला जाणार. एकटीचं खातं उघडावं, तर रोशनीच्या दुधाचे, शाळेचे पैसे कोण काढणार? बिटको चौक मागे गेला, आणि मग ज्या नावाचा तिने तीन वर्षं उच्चार केला नव्हता ते नाव आपसूक मनात आलं. तिची सासू, चिमणाबाई.

चिमणाबाईची मखमलाबादेकडे दीड एकर झेंडू-शेवंती होती. पहाटे फुलं तोडायची आणि गोदाकाठच्या फुलबाजारात नेऊन विकायची, हा तिचा तीस वर्षांचा नेम. धनराजच्या फंडाचे पैसे कंपनीतून आले तेव्हा थोरला दीर देवराम याने त्यातले निम्मे मोटार आणि पाइपलाइनसाठी ठेवून घेतले. त्या बैठकीत चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती, आणि एक चकार शब्द बोलली नव्हती. ते गप्प बसणं मंजुषाच्या जिव्हारी लागलं. तिथून ती निघाली ती परत त्या वस्तीवर गेली नाही.

पण त्यानंतर दोन महिन्यांनी, एका सकाळी, चिमणाबाई पहिल्या बसने कॅम्पात आली होती. हातात फुलांची रिकामी गोणी. गोणीच्या तळाशी, जुन्या चोळीच्या चिंधीत बांधलेली मंजुषाची पोत, कानातली आणि रोशनीचे चांदीचे वाळे. हे दागिने जाऊबाईने घशात घातले असं सगळे धरून चालले होते.

"मोजून घे," चिमणाबाई म्हणाली होती. "देवरामला ठावं नाय." चहाही न घेता ती उलट पावली गेली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मंजुषा फुलबाजारात पोचली. सासूला शोधायला वेळ लागला नाही. चिमणाबाई नेहमीच्या जागी, काळूशेठ अडत्याच्या गाळ्यापुढे, पाटीत हात घालून बसली होती. सुनेला पाहून ती उठली नाही.

"आत्याबाई, मी उद्या चाललेय. मस्कतला. दोन वर्षांसाठी."

"आयकलं व्हतं." चिमणाबाईने एका गिऱ्हाइकाला शेवंती तोलून दिली, सुटे पैसे परत केले, आणि मगच वर पाहिलं. "पोरगी?"

"आईकडे. ललितकडे." मंजुषा तिच्यासमोर उकिडवी बसली.  "बँकेत खातं उघडायचंय. माझे पैसे त्यात येतील. त्यावर दुसरं नाव लागतं. तुमचं घालू का?"

चिमणाबाईचा हात पाटीतच थांबला.

"माजं? मला सही येत नाय."

"अंगठा चालतो. तुम्ही स्वतः गेल्याशिवाय मात्र पैसे निघणार नाहीत. चेकबुक नाही मिळणार. दर महिन्याला बँकेत जायचं, रोशनीपुरते काढायचे आणि कॅम्पात नेऊन द्यायचे."

"तुजा भाऊ काय म्हन्तो?"

"त्याला अजून माहीत नाही."

"आन देवराम?"

 बाजाराचा कलकलाट दोघींच्या मधून वाहत राहिला. तिला वाटलं, म्हातारी आता नाही म्हणणार, आणि आपण परत जाऊन त्या पेन्सिलीच्या फुल्यांवर सही करणार. काय नवल, तीन वर्षांत आपण हिची साधी चौकशीही केली नाही.

"म्हैन्याच्या म्हैन्याला पोरीला बगायला मिळंल?" चिमणाबाईने विचारलं.

"मिळेल."

चिमणाबाईने उरलेली फुलं शेजारणीच्या पाटीत ओतली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "चल मंग."

पुढचे पाच तास मंजुषाला जन्मभर आठवत राहिले. चिमणाबाईचा फोटो नव्हता. रविवार कारंजावरच्या स्टुडिओवाल्याने तासाभरात देतो म्हणून पावणेदोन तास लावले. फोटो घेऊन बँकेत पोचल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि कुलथे मॅडमनी फॉर्म उलटसुलट पाहून विचारलं, "ओळख कोण देणार? याच शाखेत खातं असलेल्या माणसाची सही लागते."

 मेट्रनबाई त्या दिवशी त्र्यंबकला गेल्या होत्या. दुसरं कोणी तिच्या ओळखीचं तिथे नव्हतं.

"काळूशेठचं हिथंच हाये," चिमणाबाई म्हणाली. "रोज भरना करायला येतो."

म्हातारी तिथूनच माघारी वळली. मंजुषा बाकावर बसली. साडेबारा. एक. सव्वा. शिपायाने बाहेरचं अर्धं दार लोटून घेतलं. ललित आता कॅम्पच्या बँकेतून घरी गेला असेल, आईला म्हणत असेल, ताई कुठे राहिली. दीड वाजून गेल्यावर चिमणाबाई दारात दिसली, आणि तिच्यामागे घामाने डबडबलेला, जेवणावरून उठून आलेला काळूशेठ.

"सत्तावीस वर्सं माल घालते ही बाई माझ्याकडे," सही करता करता तो कुलथे मॅडमना म्हणाला. "वजनात कधी फरक नाही निघाला."

दोनला सात मिनिटं कमी असताना चिमणाबाईने जांभळ्या शाईत डावा अंगठा टेकवला. तो उमटला नाही. तीस वर्षं देठं खुडून रेषा झिजल्या होत्या. मॅडमनी तिचा हात स्वतःच्या हातात धरला, अंगठा दाबून गोल फिरवला, तेव्हा कुठे ठसा आला.

संध्याकाळी तिने ललितला सांगितलं. त्याने आपण भरलेल्या फॉर्मची घडी केली, खिशात घातली.

"पोरगी आम्ही सांभाळायची," तो म्हणाला, "आणि पैसे विधात्यांच्या घरी? ज्यांनी तुला बाहेर काढलं त्यांच्या? ताई, मी काय चोर आहे?"

"तसं नाही ललित."

"मग कसं?"

 आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. रोशनी मामाच्या मांडीवर चढायला पाहत होती, आणि मामाने तिला नेहमीसारखी उचलून घेतली, एवढाच काय तो मंजुषाला दिलासा. सकाळी तो तिला सोडायला मुंबईपर्यंत आला. सगळ्या वाटेत त्याने चार वाक्यंही उच्चारली नाहीत. विमानतळाच्या दारात मात्र तिची बॅग हातात देताना म्हणाला, "रोशनीची काळजी करू नको."

मस्कतच्या सरकारी दवाखान्यात मंजुषाला मेल सर्जिकल वॉर्ड मिळाला. दर महिन्याला मनी एक्सचेंजमधून ड्राफ्ट काढायचा आणि रजिस्टर पोस्टाने कुलथे मॅडमच्या नावे धाडायचा. महिन्यातून एकदा ललितच्या बूथवर फोन. "पाच तारखेला आली होती तुझी सासू," ललित सांगे. "पैसे देऊन गेली." पुढे पुढे त्याचा आवाज निवळला. रोशनी फोनवर म्हणे, "आजीने गजरा आणला." वर्ष असं गेलं. आणखी चार महिने गेले.

मग जूनमध्ये ललितचाच फोन आला, तोही वॉर्डच्या नंबरवर. असा त्याने कधी केला नव्हता.

"ताई, बसलीयेस का? तुझी सासू काल इथे आली, तापाने फणफणली होती, आईने ठेवून घेतली. तिच्या पिशवीत पासबुक होतं. मी बघितलं. मला माहितेय मी बघायला नको होतं. ताई, एक लाख चाळीस हजार एका दिवसात काढलेत. बावीस मेला. खात्यात हजारभर राहिलेत फक्त."

मंजुषाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानाने चुकीचं ऐकलं होतं.

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, मंजू आल्यावर तिला सांगीन. मला एक अक्षर सांगेना. देवरामने पिकअप गाडी बुक केलीय, अख्ख्या मखमलाबादेत बोभाटा आहे. आता तूच काय ते समज."

त्या दिवशी तिने तीन पेशंटची सलाइन बदलली, टाके काढले, चार्ट भरले, आणि यातलं काहीच तिला नंतर आठवेना. सोळा महिन्यांची कमाई. वाळवंटातले दोन उन्हाळे. चुकलं कुठे? दागिने परत केले म्हणून आपण त्या बाईच्या हाती सगळं सोपवलं. पण सोनं देताना ती एकटी होती, आणि आता दारात रोज पोटचा मुलगा उभा आहे. त्या बैठकीत भिंतीला टेकून गप्प बसलेली चिमणाबाई तिला पुन्हा पुन्हा दिसू लागली. ललितचं नाव घातलं असतं तर निदान पैसे घरात राहिले असते. घरातच आहेत ना, असं म्हणायला तरी कोणी असतं.

रजा आठ महिन्यांनी होती. आधी निघायचं तर करार मोडून, तिकिटाचे पैसे भरून. तिने कुलथे मॅडमना पत्र लिहिलं, रजिस्टर केलं, आणि त्या महिन्याचा ड्राफ्ट काढला नाही. पुढच्याही महिन्याचा काढला नाही.

पाच तारीख गेली. तिने सात तारखेला फोन केला.

"आली होती," ललित म्हणाला. त्याच्याही आवाजात गोंधळ होता. "नेहमीएवढेच पैसे दिले. तू पाठवलेस?"

"नाही."

"मग कुठून आणले?"

 मंजुषाचा संशय याने कमी होण्याऐवजी वाढलाच. तोंड बंद ठेवायला देत असेल. तिचं वजन उतरलं, केरळच्या रूममेटने दोनदा डॉक्टरकडे ओढून नेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बँकेचं पाकीट आलं. ते तिने चेंजिंग रूममध्ये दार लावून फोडलं.

कुलथे मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "आपल्या खात्यातून २२ मे रोजी रोख रक्कम काढलेली नाही. ती रक्कम त्याच दोन्ही नावांनी पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाकली आहे. श्रीमती चिमणाबाई यांनी शाखेत येऊन मला विचारले की, पैसे असे कुठे ठेवता येतील का की मला एकटीला काढताच येणार नाहीत. मी सांगितले, मुदतीआधी ठेव मोडायला दोघींच्याही सह्या लागतात. त्या म्हणाल्या, मग तिथेच ठेवा. सोबत पावतीची प्रत."

प्रतीवर तळाशी जांभळा, पुसट ठसा होता. मंजुषा तिथल्या फरशीवर बसली आणि युनिफॉर्मच्या बाहीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने ललितला फोन करून पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. 

"मला वाटलं..." ललित म्हणाला.

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली.

फेब्रुवारी २००० मध्ये रजेवर आल्यावर, पाच वर्षांत पहिल्यांदा, ती मखमलाबादच्या वस्तीवर गेली. रोशनी पुढे धावत होती. आजी तिला सुट्टीत इथे आणत असल्याने वाट तिच्या पायाखालची झाली होती. देवरामच्या ओसरीवर कोणी 'ये' म्हणालं नाही. चिमणाबाई घराच्या मागे, शेताच्या कडेला, पत्र्याच्या छपरात राहत होती. बाहेर तीन दगडांची वेगळी चूल होती.

"हे कधीपासून?" मंजुषाने विचारलं.

"ठेव टाकली तवापासून." चिमणाबाईने गोणपाट अंथरलं. "गाडी घ्याची म्हन्ला. रोज जेवताना तेच. आये, आंगठा दे. आये, परत भरू. मी त्याची आय हाये, मंजू. किती दिवस नाय म्हनले असते? एक दिस म्हनले असते, घे बाबा. मंग म्हन्लं, माज्या हातालाच पोचाया नको."

"मला कळवलं का नाही?"

"कसं कळवू? फोन तुज्या भावाचा. पत्र लिवायचं तर देवरामचं पोरगं लिवनार. कोनालाबी सांगितलं आस्तं तरी आर्ध्या वाटंत फुटलं आस्तं."

मंजुषा मातीकडे बघत होती. पुढचं वाक्य तिने मस्कतमध्ये शंभरदा जुळवलं होतं.

"मी दोन महिने पैसे नाही पाठवले. ते तुम्ही..."

"दसऱ्याच्या आदी झेंडूला भाव नसतो," चिमणाबाई म्हणाली. "शेवंतीवर भागवलं. काळूशेठनं थोडी उचल दिली."

"मी तुमच्यावर संशय घेतला आत्याबाई."

"घेनारच. घामाचा पैका तुजा." तिने रोशनीला जवळ ओढलं, तिच्या फ्रॉकला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागली. "मी बी घेतला आस्ता."

मंजुषाने तिला कॅम्पात चला म्हटलं, हातपाय धरून म्हटलं. ती आली नाही. शेत सोडायची तिची तयारी नव्हती, आणि देवराम कधीतरी बोलेल ही आशा सोडायचीही. तो बोलला चार वर्षांनी, तेही स्वतः आजारी पडल्यावर. तोवर पिकअप घेऊन, चालवून, विकूनही झाली होती.

मंजुषाने करार दोनदा वाढवला आणि २००४ साली कायमची परत आली. इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. एसटीडी बूथ बंद पडून ललितने तोवर मोबाइलचं दुकान टाकलं होतं. फ्लॅटच्या कागदांसाठी रजिस्ट्री कचेरीत दिवसदिवस तोच बसला, आणि बूथच्या मशीनचे उरलेले पैसे एका पाकिटात घालून त्याने न बोलता टेबलावर ठेवले. पाकीट तिने घेतलं. नको म्हटलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं, हे तिला एव्हाना कळत होतं.

पंचवटीचं खातं तिने बंद केलं नाही. आता ते पुन्हा साधं बचत खातं झालं होतं. कुलथे मॅडमच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याने फॉर्म पुढे सारत विचारलं, "दुसरं नाव काढायचंय का मॅडम? वय झालंय त्यांचं, आणि अंगठ्याची भानगड."

मंजुषाच्या शेजारी चिमणाबाई बसली होती. तिला नीट ऐकू येत नव्हतं, आणि ती काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे कुतूहलाने पाहत होती.

"राहू द्या," मंजुषा म्हणाली. "शाईचं पॅड आहे ना तुमच्याकडे?"